भाषा येते म्हणजे माणूस कळतो असं नाही: सीमाभागात समुपदेशक कसा घडतो

बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात आमची एक विद्यार्थिनी सरावासाठी बसत होती. समुपदेशनाचा अभ्यासक्रम, शेवटचं वर्ष. मुलगी निपाणीकडची. घरात मराठी, शाळा मराठी, कानडी बाजारापुरतं आणि बसपुरतं. पण आपल्याला कानडी येतं, असं तिला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

एक दिवस अथणीकडची एक बाई आली. झोप लागत नाही, डोकं दुखतं, दोन डॉक्टर करून झाले. बोलता बोलता ती म्हणाली, "अवरिगे नन्न म्याल अनुमान ऐती." मुलीने वहीत मराठीतून टिपलं: ‘नवऱ्याचा तिच्याबद्दल काही अंदाज आहे.’ आणि पुढचा प्रश्न विचारला, जेवण वेळेवर होतं का?

मराठीत अनुमान म्हणजे तर्क, अंदाज. कानडीत रोजच्या बोलण्यात अनुमान म्हणजे संशय. ती बाई सांगत होती की नवरा माझ्यावर संशय घेतो. एवढं मोठं वाक्य तिने एका परक्या मुलीसमोर उच्चारलं आणि समोरून जेवणाचा प्रश्न आला. ती पुन्हा आली नाही. तिच्या घरात काय चाललं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. आठवड्याच्या बैठकीत वर्गातल्या एका कानडी मुलाने ती वही वाचली आणि हळूच विचारलं, "मॅडम, इथे अनुमान म्हणजे संशय असेल ना?" तोवर त्या नोंदीखाली माझी सही होऊन गेली होती.

(बाईची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. पुढच्या प्रसंगांतही तेच केलं आहे.)

समुपदेशक घडवताना ‘बहुसांस्कृतिक क्षमता’ आणि ‘सर्व्हिस लर्निंग’ हे दोन शब्द हल्ली सारखे कानावर येतात. पहिला म्हणजे वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या रीतींच्या माणसाला समजून घेता येणं, दुसरा म्हणजे सेवा करत करत शिकणं. ऐकायला जड आहेत, पण आपल्या भागात त्यांची गरज रोज पडते. ती का पडते आणि ही माणसं घडवायची कशी, ते सांगायचा हा प्रयत्न आहे.

आधी ‘समुपदेशन’ हाच शब्द बघू. त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. त्यामुळे आपल्याकडे माणूस समुपदेशकाकडे येतो तो चार शब्द ऐकून घ्यायच्या तयारीने, आणि नवा समुपदेशकही चार शब्द सुनवायच्या तयारीनेच बसतो. कानडीत याच कामाला ‘आप्तसमालोचने’ म्हणतात. आप्त म्हणजे जवळचा, आपला. मराठी माणसाला ‘समालोचन’ म्हटलं की क्रिकेटची कॉमेंट्री आठवते, ते सोडा. एकाच दवाखान्यातल्या एकाच खोलीबाहेर दोन भाषांतल्या दोन पाट्या असतील, तर मराठी वाचणारी बाई उपदेशाच्या खोलीत शिरते आणि कानडी वाचणारी बाई आप्ताच्या. दोघींच्या अपेक्षा दारातच वेगळ्या झालेल्या असतात. आतल्या माणसाला हे ठाऊक असणं हा या क्षमतेचा एक भाग.

ही क्षमता तीन भागांची असते, अशी मांडणी अमेरिकेत १९९२ मध्ये डेराल्ड विंग सू, पॅट्रिशिया अरेडोंडो आणि रॉडरिक मॅकडेव्हिस यांनी केली आणि ती आजही शिकवली जाते. पहिला भाग स्वतःची जाण: माझे संस्कार कुठले, माझे पूर्वग्रह कुठले, मला काय ‘नॉर्मल’ वाटतं आणि का. दुसरा भाग ज्ञान: समोरचा माणूस कुठल्या जगातून येतो, तिथे दुःख कसं बोललं जातं, कुणाचा शब्द चालतो. तिसरा भाग कौशल्य: हे सगळं ओळखून प्रत्यक्ष बोलायचं कसं, बसायचं कुठे, कुणाला खोलीत घ्यायचं, कधी गप्प राहायचं. त्या काळी तिथल्या समुपदेशनाची पुस्तकं बहुतेक गोऱ्या मध्यमवर्गीय माणसाला समोर धरून लिहिलेली होती. एकटा माणूस, बंद खोली, पन्नास मिनिटं, ‘मला असं वाटतं’ अशी वाक्यं. तिथल्या काळ्या, लॅटिन, आशियाई किंवा मूळनिवासी माणसाला ते साचे बसत नव्हते, म्हणून ही चळवळ उभी राहिली.

आपल्याकडे तरी ते साचे कुठे बसतात? खानापूरच्या जंगलपट्ट्यातली सून समुपदेशकाकडे आली तर तिच्यासोबत सासू येते आणि पहिली दहा मिनिटं सासूच बोलते. ‘मला उदास वाटतं’ असं फार कमी बायका म्हणतात. डोकं गच्च होतं, छातीत धडधडतं, अंगात कसंतरी होतं, हातपाय गळतात, असं सांगतात. पुस्तक म्हणतं एकटीशी बोला. ते बरोबरही आहे, पण सासूला बाहेर बसवायचं कसं, तिचा मान ठेवून, म्हणजे घरी गेल्यावर सुनेला त्याची किंमत मोजावी लागणार नाही, हे पुस्तकात नसतं.

त्यात आपला भाग असा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. १९६६ मध्ये सीमाप्रश्नावर महाजन आयोग बसला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. या सगळ्याचे पडसाद घराघरांत आहेत. त्याच तारखेला एका गल्लीत कानडी राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या गल्लीत मराठी माणसं काळा दिवस पाळतात. मराठी, कानडी, दखनी उर्दू, खानापूरकडे कोकणी, आणि एका माणसाच्या तोंडात यातल्या दोन-तीन तरी. भाजीवाली गिऱ्हाईक बघून भाषा बदलते.

आणि नेमका इथेच घात होतो. बाहेरून आलेला समुपदेशक निदान घाबरून विचारतो तरी, "म्हणजे काय?" आपण विचारत नाही. शेजारी राहतो, त्यांच्या लग्नात जेवतो, त्यांची भाषा येते, म्हणजे माणूस कळला, असं धरून चालतो. माझं वीस वर्षांचं निरीक्षण सांगते: सीमाभागातल्या विद्यार्थ्यांना शिकवताना सगळ्यात अवघड जातं ते हे ‘मला माहीत आहे’ सोडवणं. माहिती देणं त्या मानाने सोपं.

शब्दांचंच बघा ना. अनुमान झालं. मराठीत ‘बेजार’ म्हणजे त्रासून गेलेला, जेरीस आलेला. कानडीत ‘बेजारु’ म्हटलं की कंटाळा आलाय, वाईट वाटलंय, किंवा कुणाच्या बोलण्याने मन दुखावलंय. तिन्ही होतं, आणि नेमकं कुठलं ते विचारल्याशिवाय कळत नाही. ‘संकट’ मराठीत बाहेरून येतं: पूर, कर्ज, आजारपण. कानडीत संकट बऱ्याचदा आतलं असतं, जिवाची तगमग. आणि एक छोटंसं ‘री’. उत्तर कर्नाटकात मोठ्या माणसाला ‘कूड्री’, ‘हेळ्री’ म्हणतात, म्हणजे बसा, सांगा. त्यातली ‘री’ गळाली तर आईच्या वयाच्या बाईला ‘ए, बोल’ म्हटल्यासारखं होतं. बाजारात ती गळली तर कुणी फारसं मनावर घेत नाही. पण दुःख सांगायला आलेल्या बाईला ते लागतं.

हे वर्गात फळ्यावर लिहून शिकवता येतं का? थोडंफार येतं. मी लिहिते, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळतात. पण ‘कानडी स्त्री अशी असते’, ‘मुस्लिम कुटुंबात तसं असतं’, ‘लिंगायतांत असं मानतात’ अशी यादी पाठ झाली की विद्यार्थी समोरच्या माणसाला बघतच नाही, यादी बघतो. पूर्वग्रह जातो, त्याच्या जागी अभ्यासक्रमाने मान्य केलेला पूर्वग्रह येतो. म्हणून मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टर बायकांनी १९९८ मध्ये ‘क्षमता’ या शब्दाशेजारी ‘सांस्कृतिक नम्रता’ हा शब्द आणून ठेवला. दुसऱ्याची संस्कृती मला येते असं म्हणून थांबता येत नाही, जन्मभर विचारत राहायचं, स्वतःला तपासत राहायचं, असं त्या सांगतात. मला हा शब्द जास्त जवळचा वाटतो. क्षमतेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावता येतं, नम्रतेचं लावता येत नाही.

मग सेवेतून शिकायचं म्हणजे काय?

‘सर्व्हिस लर्निंग’ हा शब्द अमेरिकेत १९६७ च्या आसपास रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅमसे यांनी रूढ केला. मुळं त्याही मागची आहेत. अनुभव घेतला आणि त्यावर विचार केला तरच शिक्षण होतं, असं अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई कधीपासून सांगत होते. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. हाताने काम करत शिकण्याची गांधीजींची नई तालीम १९३७ मध्ये वर्ध्याला मांडली गेली, आणि कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना तर या पट्ट्यातल्या कित्येक घरांनी स्वतः अनुभवली आहे.

तरी सर्व्हिस लर्निंग म्हणजे श्रमदान नाही आणि इंटर्नशिपही नाही. १९६९ पासून महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना आहे. दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. त्यात चांगलं काम होतं, पण बहुतेक ठिकाणी भर सेवेवर असतो. झाडं लावली, रस्ता झाडला, फोटो काढला, मुलं घरी. इंटर्नशिपमध्ये भर विद्यार्थ्याच्या शिकण्यावर असतो. त्याचे तास भरले पाहिजेत, त्याच्या केसेस पूर्ण झाल्या पाहिजेत. सर्व्हिस लर्निंगमध्ये दोन्ही पारडी सारखी धरायची असतात, आणि तिसरी एक गोष्ट लागतेच: झालं ते घेऊन बसून, लिहून, बोलून त्याचा विचार करणं. सिग्मन यांनी १९७९ मध्ये एक तत्त्व सांगितलं होतं, ते मी दर वर्षी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते: कुठली सेवा हवी हे ज्यांची सेवा करायची ते ठरवतील.

एका वाक्यात लिहून होतं, पण पाळायला किती जड जातं ते मला निपाणीच्या बिडी कामगार बायकांनी दाखवलं.

निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन जुन्या माणसांना अजून आठवतं. बिडी वळणाऱ्या बायकांच्या पिढ्या या भागात गेल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. पान ओलं करून मऊ केलेलं. बोटांनी पान उचलायचं, चिमूट तंबाखू पसरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. बघताना डोळ्यांना पत्ता लागत नाही इतक्या वेगात. मजुरी हजार बिड्यांवर.

पहिल्या वर्षी आम्ही ठरवून गेलो ते ‘ताणतणावाचं नियोजन’ या विषयावर सत्र घ्यायला. विद्यार्थ्यांनी तक्ते केले होते. चाळीसेक बायका सुपं बाजूला ठेवून मान देऊन ऐकायला बसल्या. दीर्घ श्वास कसा घ्यायचा ते मुलं शिकवत होती आणि खोलीत तंबाखूची धूळ होती, दोघीतिघी खोकत होत्या. तासाभराने एक म्हाताऱ्या मावशी उठता उठता म्हणाल्या, "पोरींनो, तुमी लई चांगलं सांगितलासा. पर तासभर हात थांबला न्हवं आमचा. आता रातच्याला बसायला लागतंय."

ताण कमी करायला गेलेल्या आम्ही त्या सगळ्या जणींची रात्र एका तासाने लांबवून आलो होतो.

पुढच्या खेपेला तक्ते नेले नाहीत. विचारलं, तुम्हाला काय हवंय? उत्तर यायला दोन भेटी गेल्या, कारण असं विचारायची सवय कुणी लावलेली नव्हती. मग आलं: पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती असते, अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. भविष्य निर्वाह निधीचे कागद येतात. इंग्रजीत काय लिहिलंय, कानडीत काय लिहिलंय, कळत नाही. गल्लीतल्या मराठी चौथी झालेल्या बायका ते कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात आणि कुणीतरी वाचून दाखवेल याची वाट बघतात.

मग आमची मुलं संध्याकाळी लॅपटॉप आणि फोन घेऊन जायला लागली. त्यांतल्या काही जणांना हे खटकलं. "मॅडम, आम्ही समुपदेशन शिकायला आलोय, फॉर्म भरायला नाही." प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, एक महिना करा, मग बोलू.

अर्ज भरताना विचारावं लागतं: वडिलांचं नाव? तिथे एक बाई थांबते. उत्पन्न? तिथे दुसरी हसते. बँकेचं खातं कुणाच्या नावावर? तिथे तिसरी दाराकडे बघते. बायकांचे हात सुरूच होते, मुली विचारत होत्या, टाइप करत होत्या, आणि त्या थांबण्यांमधून घरं उघडत गेली. नवरा नाहीसा झालेला, दीर खातं वापरतोय, मोठ्या मुलीने शाळा सोडून सूप घेतलंय. तक्त्यासमोर जे कुणी बोललं नसतं ते फॉर्मसमोर बोललं गेलं. हात चालू होते, नजर सुपात होती, म्हणून बोलता आलं. समोरासमोर डोळ्यांत डोळे घालून बसण्याचा नियम आमच्या पुस्तकातला होता. तो त्यांचा नव्हता.

विचार केला नाही तर उलटंच होतं

अनुभव आला की माणूस आपोआप शहाणा होतो, हे खरं नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगून ठेवलंय: दोन गटांतली माणसं नुसती एकत्र आली म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्या भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, काम मिळून व्हायला हवं आणि वरच्या यंत्रणेचा त्याला पाठिंबा हवा. नाहीतर भेटीतून जुनं मतच पक्कं होतं. ‘ही माणसं अशीच’ म्हणायला आता स्वतः बघितल्याचा पुरावा मिळतो.

पहिल्या महिन्याच्या वह्यांत मला हमखास एक वाक्य सापडतं: ‘या बायका एवढ्या कष्टात असूनही किती समाधानी आहेत.’ मी त्याखाली लाल रेघ मारते आणि शेजारी लिहिते: कुणी सांगितलं? त्या तुमच्यासमोर हसल्या, हे तुम्ही पाहिलं. समाधान तुम्ही तुमच्या पदरचं घातलं. त्यांना समाधानी ठरवलं की आपल्या जिवाला बरं वाटतं, म्हणून घातलं का? हे विचारणं म्हणजे चिंतन. यासाठी आम्ही तीन साधे प्रश्न धरतो. काय घडलं? त्याचा अर्थ मी काय लावला आणि तोच का लावला? आता पुढे काय करणार? बहुतेकांना दुसरा प्रश्न टाळावासा वाटतो, आणि खरं शिक्षण त्यातच असतं.

एका मुलाची गोष्ट सांगते. चिकोडी भागातला, मराठा, घरची ऊसशेती. वर्गात सीमाप्रश्नावर तो पोटतिडकीने बोलायचा. मराठीत अर्ज दिला तर घेत नाहीत, पाट्या कानडीत, मराठी शाळांचे हाल. त्याचं दुखणं खरं होतं आणि मी ते कमी लेखत नाही, मी स्वतः त्याच घरांतली आहे. आपण सोसणाऱ्यांच्या बाजूचे, एवढीच त्याला स्वतःची ओळख होती.

गळीत हंगामात त्याला ऊसतोड टोळीच्या तळावर पाठवलं. बीडकडच्या नवरा-बायकोच्या जोड्या होत्या. एका जोडीला एक कोयता म्हणतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. भाषा त्याचीच, मराठी. त्याला वाटलं इथे तर सोपं. एका बाईला त्याने विचारलं, "ताई, झोप नीट लागते का?" ती म्हणाली, "लागतीय की." अजून दोघींना विचारलं. सगळ्यांना झोप लागत होती, सगळ्यांचं बरं चाललं होतं. वहीत त्याने लिहिलं, ‘मानसिक आरोग्याच्या विशेष तक्रारी आढळल्या नाहीत.’

बैठकीत त्याच्या सोबतच्या मुलीने एकच विचारलं, "तू बोलत होतास तेव्हा मुकादम कुठे उभा होता?"

तो बराच वेळ गप्प होता. मुकादम त्याच्या शेजारीच उभा होता. त्यानेच ओळख करून दिली होती, "हे आपल्या मालकांचे चिरंजीव." कचेरीत अर्ज घेऊन उभा असलेला अल्पसंख्य मुलगा त्या तळावर मालक होता. भाषा तीच, आणि तरी त्याला कुणी खरं सांगणार नव्हतं. माणूस एका खोलीत दबलेला असतो आणि दुसऱ्या खोलीत दाबणारा, आणि त्याला दोन्ही एकदम दिसत नाही. हे मी त्याला दहा व्याख्यानांत सांगू शकले नसते. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला, मुकादम नसताना, एका विद्यार्थिनीला सोबत घेऊन. पाण्याच्या टाकीपाशी ती बायकांजवळ बसली, हा लांब मुलांशी खेळत राहिला. तेव्हा कळलं की रात्री तीनला उठावं लागतं, गाडी भरायची असते.

जट

सौंदत्तीच्या यल्लम्माला दोन्हीकडून माणसं जातात. कानडी ‘उधो उधो’ म्हणत, मराठी ‘उदं गं आई उदं’ म्हणत. या श्रद्धेतच एक दुखरी गाठ आहे. पोरीच्या केसात गुंता होऊन जट आली की देवीचं बोलावणं आलं असं मानतात, आणि अशा मुलींना देवीला सोडलं जायचं. कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा करून देवदासी सोडण्यावर बंदी घातली.

डोकेदुखी घेऊन जट असलेली मध्यमवयीन बाई आली आणि विद्यार्थ्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, "मावशी, ही अंधश्रद्धा आहे, कापून टाका, डोकं हलकं होईल." त्याने खरं तेच सांगितलं, आणि ती बाई गमावली. तिच्यासाठी ती जट म्हणजे गल्लीतला मान होता, भीती होती, लहानपण होतं, आणि कुणाला न सांगितलेलं बरंच काही. आधी विचारायला हवं होतं: ही कधी आली? तेव्हा घरात काय चाललं होतं? ती गेली तर काय होईल असं वाटतं? हे तिच्याकडून ऐकून घेतल्यावर कदाचित काही भेटींनी तीच कात्रीचा विषय काढेल. कदाचित काढणारही नाही.

आणि याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. संस्कृतीचा आदर म्हणजे सगळं चालवून घेणं नव्हे. तीच बाई म्हणाली की नातीच्या केसांत जट दिसायला लागलीय आणि घरात बोलणी चालू आहेत, तर तिथे ‘त्यांची श्रद्धा’ म्हणून गप्प बसणारा समुपदेशक गुन्ह्यात वाटेकरी होतो. मुलीचं संरक्षण आधी. वरिष्ठांना सांगायचं, बालकल्याण समितीपर्यंत जायचं. मोठ्या बाईच्या स्वतःच्या डोक्यावरची जट आणि लहान मुलीच्या भविष्यावर टाकली जाणारी जट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समोर माणूस असताना ओळखता येणं, यालाच मी बहुसांस्कृतिक क्षमता म्हणेन.

आता काही पथ्यं, कारण उत्साहाच्या भरात यातून नुकसानही होतं. शिकाऊ विद्यार्थ्याने वस्तीत जाऊन उपचार करायचे नाहीत. ऐकायचं, मदत करायची, आणि कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं तर त्याच दिवशी पर्यवेक्षकाला सांगायचं. केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं आणि कानडीतही. तो क्रमांक विद्यार्थ्याच्या तोंडी पाठ हवा.

दुभाषा म्हणून घरच्या माणसाला बसवायचं नाही. आईचं दुःख दहा वर्षांच्या मुलीने कानडीतून मराठीत आणायचं, हे त्या मुलीच्या अंगावर ओझं घालणं आहे. आणि नवरा दुभाषा असेल तर ‘अनुमान’चं भाषांतर तो काय करेल?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण गल्लीत गोपनीयता कायद्याने येत नाही. कॉलेजची पोरगी अमक्याच्या घरी तीनदा गेली, एवढ्यावरून बोलणं सुरू होतं. अर्ज भरायच्या निमित्ताने सगळ्यांच्याच घरी जाणं इथेही कामाला आलं.

आणि निघून येणं. सत्र संपलं, गुण मिळाले, मुलं गायब, असं दर वर्षी झालं तर ती वस्ती आपल्याला प्रयोगशाळा झाल्यासारखी वाटते, आणि वस्तीलाही ते कळतं. म्हणून आम्ही पहिल्या दिवशी सांगतो, या तारखेपर्यंत येणार, पुढच्या वर्षी दुसरी मुलं येतील, जागा हीच. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याची परंपरा जुनी आहे, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासूनची. समुपदेशनाच्या आपल्याकडच्या अभ्यासक्रमांनी तिथून शिकण्यासारखं बरंच आहे. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने समुपदेशकांनाही एका छत्राखाली आणायची वाट काढली आहे. तिथे किती तास, कुठली पुस्तकं हे ठरेलच. ते तास कुठे घालवायचे, दवाखान्याच्या खोलीत की सुपाशेजारी, हेही ठरवावं असं मला मनापासून वाटतं.

त्या ‘अनुमान’नंतर आम्ही वही बदलली. डावीकडच्या रकान्यात माणसाने उच्चारलेला शब्द, त्याच्याच भाषेत, जसाच्या तसा. उजवीकडे त्याचा अर्थ, पण तो त्या माणसाला विचारून. विचारलं नसेल तर रकाना कोरा ठेवायचा. सुरुवातीला मुलांना कोरा रकाना म्हणजे अभ्यास अपुरा वाटायचा, घाईघाईने काहीतरी भरायची. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीची वही तपासत होते. डावीकडे लिहिलं होतं, ‘भाळ संकट आगतैती’. उजवीकडे शिसपेन्सिलने: ‘पोटात की मनात? गुरुवारी विचारते.’